जाताना एक ॲव्हरेज, येताना दुसरं

मुंबईहून पुण्याला येताना आणि त्याच रस्त्याने परत जाताना गाडीचं ॲव्हरेज सारखं येत नाही. चालवणारा तोच, माणसं तेवढीच, सामानही तेच. फरक पडतो तो बोरघाटामुळे.

खोपोली ते खंडाळा गाडी सुमारे ५०० मीटर उंची चढते. माणसांसकट १,२०० किलो वजन एवढं वर न्यायला जवळपास ६० लाख ज्यूल ऊर्जा लागते. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ३ कोटी २० लाख ज्यूल असतात खरे, पण त्यातला जेमतेम पाव हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो. बाकीची बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे निघून जाते. म्हणजे नुसत्या चढाला पाऊण लिटर पेट्रोल! हवेचा विरोध आणि टायरांचं घर्षण यांचा खर्च वेगळा.

उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की हल्लीच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत इंजिनाचं इंधन तेवढ्यापुरतं बंदच होतं. न्यूट्रलमध्ये उतरवलं तर इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहतं, शिवाय इंजिनाचा ब्रेकही मिळत नाही. पेट्रोल वाचवायला म्हणून कोणी असं घाट उतरत असेल, तर त्याला जरूर अडवा.

त्यामुळे एकेरी प्रवासाच्या आकड्यावर मी विसंबत नाही. टाकी फुल करायची, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं, जाऊन-येऊन पुन्हा त्याच पंपावर तसंच भरायचं. अंतर निदान तीन-चारशे किलोमीटर हवं, नाहीतर टाकीतला अर्ध्या लिटरचा फरकही हिशेब बिघडवतो.

कंपनी सांगते तो आकडा मात्र रस्त्यावरचा नसतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थेत गाडी रोलरवर उभी करतात आणि चालक पडद्यावरच्या वेगाच्या रेषेबरहुकूम ती चालवतो. चाचणी ११८० सेकंदांची, कमाल वेग ताशी ९० किलोमीटर, एसी बंद. धुरातला कार्बन मोजून किती इंधन जळलं ते काढतात. दोन गाड्यांची तुलना करायला ही पद्धत चोख आहे, कारण दोघींची परीक्षा एकच. पण तुम्ही एक्सप्रेसवेवर ८० ऐवजी १०० ने गेलात, तर हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. तो त्या आकड्यात कुठून दिसणार?

सरासरी काढतानाही घोटाळा होतो. शहरात १२ आणि हायवेला २० मिळालं, दोन्हीकडे १०० किलोमीटर झाले, तर सरासरी १६ नव्हे, १५ येते, कारण पेट्रोल जळालं ८.३३ अधिक ५ लिटर. म्हणून युरोपात वापरतात तो '१०० किलोमीटरला किती लिटर' हा हिशेब मला जास्त पटतो. त्या मापाने १० ऐवजी १२ देणारी गाडी १.६७ लिटर वाचवते, तर २० ऐवजी २५ देणारी फक्त १ लिटर.