गेमची गोष्ट कॉमिकमध्ये घडली तर ती धरायची का? : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

एखाद्या व्हिडिओ गेम मालिकेवर आधारित कॉमिक निघाले की त्यात घडलेल्या घटना मालिकेच्या मूळ कथानकात धरायच्या की नाही, यावरून चाहत्यांत हमखास दोन तट पडतात. मूळ निर्मात्यांच्या दृष्टीने कथाविश्वात जे खरोखर घडले आहे त्याला चाहते कॅनन म्हणतात, आणि कॉमिक कॅनन आहे की नाही याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात मिळावे अशी त्यांची अपेक्षा असते. गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास पाहिला तर स्टुडिओंना या एका शब्दाने कधीच फारसे अडवलेले दिसत नाही. कॉमिकमधली घटना खरी मानायला त्यांची सहसा हरकत नसते. ते कॉमिक न वाचलेला खेळाडू पुढच्या गेममध्ये येईल तेव्हा त्याला काय सांगायचे, हा प्रश्न मात्र त्यांना पुन्हा पुन्हा नडला आहे.

सुरुवातीला हा पेच नव्हताच. अटारी २६०० या यंत्राच्या कार्ट्रिजमध्ये संपूर्ण खेळ बहुधा चार ते आठ किलोबाइटांत बसवावा लागे. पडद्यावर चौकोनी ठिपके हलत, आणि ते ठिपके कोण आहेत व कशासाठी लढत आहेत हे सांगायला जागा उरत नसे. अटारी आणि डीसी कॉमिक्स या दोन्ही कंपन्या तेव्हा वॉर्नर कम्युनिकेशन्सच्या मालकीच्या होत्या, त्यामुळे गेमच्या खोक्यातच एक छोटेखानी कॉमिक घालण्याची योजना १९८२ मध्ये सहज मार्गी लागली. जेरी कॉनवे आणि रॉय थॉमस यांनी लिहिलेले ‘अटारी फोर्स’ हे कॉमिक ‘डिफेंडर’, ‘बर्झर्क’, ‘स्टार रेडर्स’ अशा खेळांबरोबर मिळू लागले.

त्याच वर्षी आलेल्या ‘स्वोर्डक्वेस्ट : अर्थवर्ल्ड’ने तर कॉमिकला खेळाचा अनिवार्य भागच करून टाकले. बारा राशींच्या बारा खोल्यांत योग्य त्या वस्तू ठेवल्या की पडद्यावर दोन आकडे उमटत. पहिला आकडा सोबतच्या कॉमिकमधील पानाचा आणि दुसरा त्या पानावरील चौकटीचा असे. जॉर्ज पेरेझ यांनी काढलेल्या त्या चौकटीत, रेखाटनाच्या आडोशाला, एक शब्द लपवलेला असे. असे शब्द गोळा करून, त्यांतले खरे आणि फसवे वेगळे काढून, जुळलेले वाक्य अटारीला पाठवायचे. बक्षीस पंचवीस हजार डॉलर किमतीचा एक रत्नजडित दागिना. चार खेळांची ही मालिका व्हिडिओ गेमच्या धंद्यातल्या १९८३ च्या मंदीत सापडली आणि चौथा खेळ तेव्हा बाजारात आलाच नाही. या मालिकेत कॉमिक कॅनन आहे का असे विचारण्याला अर्थच नव्हता, कारण कॉमिक बाजूला ठेवले तर गोष्ट उरत नव्हती आणि खेळ विकत घेणाऱ्या प्रत्येकाच्या हाती ते आपोआप पडत होते. ही दुसरी सोय पुढच्या काळात क्वचितच कोणाला मिळाली.

नव्वदच्या दशकात कॉमिक खोक्यातून बाहेर पडून दुकानाच्या फळीवर गेले आणि परवान्याचा व्यवहार सुरू झाला. गेमची कंपनी पात्रांची नावे व रेखाटने वापरण्याची मुभा देई, प्रकाशक त्याबद्दल पैसे मोजे, आणि आत काय लिहायचे हे बरेचसे प्रकाशकाच्या लेखकांवर सोडलेले असे. याला अपवाद होते. ‘मॉर्टल कॉम्बॅट’चे सहनिर्माते जॉन टोबायस यांनी पहिल्या खेळाचे कॉमिक स्वतःच लिहिले आणि स्वतःच चितारले. पण अपवाद मोजकेच.

या व्यवस्थेचा सर्वांत ठळक नमुना म्हणजे सेगा या जपानी कंपनीचा ‘सॉनिक’. अमेरिकेत आर्ची कॉमिक्सने १९९३ पासून चालवलेली मालिका तिकडच्या दूरचित्रवाणीवरील कार्टूनच्या धर्तीवर उभी राहिली आणि जपानी खेळांत कधीच नसलेली राजकन्या सॅली तिची प्रमुख नायिका झाली. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘सॉनिक द कॉमिक’ या पाक्षिकात सुपर सॉनिक हे सॉनिकचेच एक दुष्ट, बेभान रूप होते, तर खेळांत तीच अवस्था खेळाडूने कमावलेले बक्षीस होती. एकाच निळ्या हेजहॉगची अशी तीन चरित्रे एकाच वेळी नांदत होती आणि एका देशातल्या वाचकाला दुसऱ्या देशातल्या चरित्राची गंधवार्ताही नसे. जपानमध्ये खेळ बनवणारी मंडळी यांपैकी कशालाही बांधील नव्हती.

त्याची किंमत कॉमिकच्या लेखकांना मोजावी लागे. आर्चीच्या मालिकेत पन्नासाव्या अंकात खलनायक रोबॉटनिकचा शेवट करण्यात आला; खेळांत मात्र तो ठणठणीत होता आणि पुढच्या प्रत्येक खेळात असणारच होता. शेवटी लेखकांनी दुसऱ्या विश्वातून त्याचाच एक प्रतिरूप खलनायक आणला आणि ‘सॉनिक अ‍ॅडव्हेंचर’ आल्यावर त्याला त्या खेळातले नवे रूप चढवले. खेळाने एक पाऊल टाकले की कॉमिकने धावत जाऊन ते गाठायचे. उलट दिशेने काहीच वाहत नव्हते.

आर्चीच्या प्रकरणाला कायद्याचीही एक बाजू आहे, आणि कॅननच्या चर्चेत ती बहुतेक वेळा विसरली जाते. मालिकेसाठी अनेक वर्षे लिहिणाऱ्या केन पेंडर्स यांनी आपण निर्माण केलेल्या पात्रांवर स्वतःचा हक्क सांगितला. आर्चीने २०१० मध्ये त्यांच्यावर दावा दाखल केला, २०१३ मध्ये तडजोड झाली, आणि त्याच वर्षी ‘मेगा मॅन’ या दुसऱ्या गेम मालिकेबरोबरच्या संयुक्त कथानकाचा आधार घेऊन सॉनिकचे कॉमिक-विश्व जवळजवळ नव्याने मांडले गेले. वीस वर्षे वाचकांनी खरी मानलेली कित्येक पात्रे कोणत्याही कथेविना नाहीशी झाली. एखादे पात्र कोणाच्या मालकीचे आहे याची कागदोपत्री खात्री नसेल तर कोणतीही गेम कंपनी त्याला आपल्या खेळात घेणार नाही. कॅननच्या अनेक प्रश्नांचा निकाल लेखकाच्या मेजावर लागण्याआधी वकिलाच्या मेजावर लागलेला असतो.

परवान्याच्या त्या काळातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. मार्व्हलने १९९६ मध्ये ‘डूम’वर सोळा पानांचे एक कॉमिक काढले. त्यातला नायक राक्षसांवर तुटून पडताना अखंड आणि अचाट बडबड करतो. ते संवाद पुढे चाहत्यांच्या चेष्टेचा विषय झाले. त्या कॉमिकला कॅनन म्हणण्याची कल्पनाही कोणी केली नव्हती. पण त्यातला ‘रिप अँड टेअर’ (फाडून चिंध्या कर) हा हुंकार इतका रुजला की २०१६ च्या ‘डूम’ची सुरुवातच त्या शब्दांनी झाली. कथानकात शिरकाव न मिळालेले कॉमिक नायकाच्या स्वभावात असे जाऊन बसले.

नव्या शतकात स्टुडिओंचा पवित्रा बदलला. खेळ मोठे आणि खर्चिक झाले, दोन खेळांमधले अंतर वाढले, आणि मधल्या काळात चाहत्यांना धरून ठेवण्यासाठी कादंबऱ्या व कॉमिक्स कंपनीच्या देखरेखीखाली, ‘ही मूळ कथेचाच भाग आहेत’ अशा जाहिरातीसह निघू लागली. या जाहिरातीने पहिला मोठा गोंधळ ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये झाला. २००४ मध्ये हा खेळ सुरू झाला तेव्हा स्टॉर्मविंडचा राजा व्हेरियन रिन बेपत्ता होता. सिंहासनावर त्याचा लहान मुलगा होता आणि दरबारात मानवी रूप घेतलेली ओनिक्सिया नावाची काळी ड्रॅगन कारस्थाने करत होती. खेळाडूंनी राजाचा माग काढण्याच्या मोहिमा केल्या, तो माग मध्येच तुटला. चाळीस-चाळीस जणांच्या टोळ्या करून ओनिक्सियाला मात्र असंख्य वेळा मारले. मग २००७ मध्ये वाइल्डस्टॉर्मचे, वॉल्टर सायमनसन यांनी लिहिलेले कॉमिक आले. त्यात स्मृती गमावलेला राजा आखाड्यातील योद्धा म्हणून सापडला, राजधानीत परतला आणि ओनिक्सियाचा वध त्याच्या मोहिमेच्या खाती जमा झाला. २००८ मध्ये तो खेळातही सिंहासनासमोर येऊन उभा राहिला. ज्यांनी कॉमिक वाचले नव्हते त्यांच्या दृष्टीने चार वर्षांचे रहस्य एका अद्यतनासरशी मिटले होते, कसे ते न सांगता. आणि ज्यांनी ड्रॅगनला स्वतः मारले होते त्यांचे श्रेय परस्पर दुसऱ्याच्या नावे झाले होते.

त्याच कॉमिकमध्ये मेदान नावाचा एक तरुण होता. गरोना आणि मेदिव्ह या मालिकेतल्या दोन मातब्बर पात्रांचा मुलगा असलेला मेदान पाहता पाहता साऱ्या जगाचा रक्षक होतो. वाचकांना तो अजिबात रुचला नाही आणि खेळात त्याला कधीच महत्त्वाची भूमिका मिळाली नाही. म्हणजे एकाच कॉमिकमधले, एकाच प्रकाशकाच्या व एकाच स्टुडिओच्या शिक्क्याचे एक पात्र वर्षानुवर्षे खेळाचा कणा झाले आणि दुसरे विस्मरणात गेले. अधिकृत शिक्क्याची खरी किंमत किती, हे दाखवायला दुसरे उदाहरण शोधावे लागू नये.

‘असॅसिन्स क्रीड’ने या मार्गाची दोन्ही टोके पाहिली. कार्ल कर्शल आणि कॅमेरन स्टुअर्ट यांच्या २०१० मधील ‘द फॉल’ या कॉमिकने डॅनियल क्रॉस हे पात्र आणले. हा माणूस स्वतःच्या नकळत शत्रूचा हस्तक बनवला गेलेला असतो आणि मारेकऱ्यांच्या संघटनेचा प्रमुख त्याच्याच हातून मरतो. हा क्रॉस २०१२ च्या ‘असॅसिन्स क्रीड ३’मध्ये प्रत्यक्ष आला. वाचकांना त्याचे वेडाचे झटके ओळखीचे होते. इतरांना तो निदान एक धोकादायक विरोधक म्हणून समजत होता, त्यामुळे कोणाचे फारसे अडले नाही. मात्र त्याच खेळाच्या शेवटी जूनो ही प्राचीन शक्ती बंधमुक्त झाली, पुढच्या खेळांत तिचा धोका हळूहळू वाढवत नेला गेला, आणि तिचा अंत झाला तो टायटनने काढलेल्या ‘अपरायझिंग’ या कॉमिकच्या शेवटच्या अंकात, २०१८ मध्ये. सहा वर्षे खेळाडूंना दाखवलेल्या संकटाचा निकाल बहुसंख्य खेळाडूंच्या गैरहजेरीत लागला. ‘हेलो’मध्येही तेच घडले. ‘हेलो ४’मधील मुख्य शत्रू डिडॅक्ट याच्याशी नायक मास्टर चीफचा पुढचा सामना २०१४ मध्ये डार्क हॉर्सच्या ‘एस्कलेशन’ या कॉमिकमध्ये होऊन गेला आणि २०१५ च्या ‘हेलो ५’मध्ये डिडॅक्ट आलाच नाही. माझ्या मते ही दोन्ही कॉमिक्स निःसंशय कॅनन आहेत आणि चाहत्यांचा राग नेमका त्यामुळेच आहे; ती कॅनन नसती तर शत्रू खेळांसाठी शिल्लक तरी राहिला असता.

यात वेळापत्रकाचाही दोष असतो. ‘हेलो २’ आणि ‘हेलो ३’ यांना जोडणारे ‘अपरायझिंग’ (नाव तेच, कॉमिक वेगळे) मार्व्हलने ऑगस्ट २००७ मध्ये सुरू केले. ‘हेलो ३’ सप्टेंबरमध्ये आला आणि चार अंकांच्या या कॉमिकचा शेवटचा अंक २००९ मध्ये निघाला. पूल पुरा होण्याआधीच सगळे पलीकडे पोहोचले होते.

खेळाडूच्या निवडीनुसार गोष्ट बदलणाऱ्या खेळांनी या वादात आणखी एक गाठ मारली. ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’मध्ये अ‍ॅलिस्टर राजा होऊ शकतो, साधा योद्धा राहू शकतो, देशोधडीला लागू शकतो किंवा फासावरही जाऊ शकतो. मालिकेचे प्रमुख लेखक डेव्हिड गेडर यांचा सहभाग असलेल्या २०१२ मधील ‘द सायलेंट ग्रोव्ह’ या कॉमिकमध्ये तो राजा आहे. ज्याच्या खेळात त्याला फाशी झाली, त्याने हे कॉमिक कोणत्या खात्यात टाकायचे? ‘लाइफ इज स्ट्रेंज’च्या कॉमिकने खेळाच्या दोन शेवटांपैकी एकच धरून पुढची गोष्ट सांगितली. बायोवेअर या स्टुडिओने ‘मास इफेक्ट’मध्ये वेगळा उपाय काढला : दुसरा भाग २०११ मध्ये प्लेस्टेशन ३ वर आला तेव्हा तिथल्या खेळाडूंना पहिला भाग मिळालेला नव्हता, म्हणून पहिल्या भागातील मोठे निर्णय कॉमिकच्या रूपात पुढे ठेवले आणि ते खेळाडूलाच घ्यायला लावले. कॉमिक पुन्हा खोक्याच्या आत आले, तीस वर्षांपूर्वी होते तसेच, आणि वाद उरला नाही.

सॉनिकची सध्याची घडी या साऱ्या अनुभवानंतर बसवलेली आहे. एप्रिल २०१८ पासून आयडीडब्ल्यू हा प्रकाशक काढत असलेले कॉमिक ‘सॉनिक फोर्सेस’ या खेळानंतरच्या काळात घडते आणि त्यातील कथा सेगाच्या मंजुरीने पुढे जातात. त्याचे प्रमुख लेखक इयन फ्लिन, जे आर्चीच्या मालिकेतही अनेक वर्षे लिहीत होते, त्यांनीच २०२२ च्या ‘सॉनिक फ्रंटियर्स’ या खेळाची कथा लिहिली. त्या खेळात कॉमिकमधल्या टँगलचे नाव एका संभाषणात ओझरते येते. ती कोण, कुठली, याचा खुलासा होत नाही आणि संभाषण पुढे सरकते.