अँटेनाला हवी मोकळी हवा, पोरांना हवा आडोसा

डोंगराचा माथा रेडिओसाठी जितका भारी तितकाच लहान मुलांना पाऊण तास एका जागी बसवायला वाईट, आणि दोन्हीचं कारण एकच, चारी बाजूंना आडवं काहीच नाही. लहरी अडत नाहीत आणि वाराही अडत नाही. ज्या घरात एक जण हॅम आहे, म्हणजे परीक्षा देऊन परवाना काढलेला हौशी रेडिओवाला, आणि सोबत चिल्लीपिल्ली आहेत, त्या घराच्या डोंगरवारीत ही ओढाताण ठरलेली. एकाचं खरं काम वर पोचल्यावर सुरू होतं, बाकीच्यांचं म्हणणं, पोचलो ना, मग खाऊ काढा आणि चला खाली.

या नादाचा एक रीतसर खेळच आहे, समिट्स ऑन द एअर, सगळे सोटा म्हणतात. २ मार्च २००२ ला इंग्लंड आणि वेल्समध्ये सुरू झाला आणि आता जगभर पसरलाय. शेवटचा टप्पा गाडीने जायचं नाही, रेडिओ बॅटरी अँटेना सगळं स्वतः वाहून न्यायचं, पेट्रोलचा जनरेटर चालत नाही, आणि वरून कमीत कमी ४ वेगवेगळ्या स्टेशनांशी बोलणं झालं की त्या शिखराचे पॉइंट मिळतात, १ पासून १० पर्यंत. रिपीटरमधून, म्हणजे आवाज झेलून पुढे फेकणाऱ्या मधल्या स्टेशनातून, झालेलं बोलणं धरत नाहीत, आणि त्याच माथ्यावर शेजारी बसलेल्याशी झालेलं पण धरत नाहीत, त्यामुळे आई-बाबा दोघंही हॅम असले तरी एकमेकांशी बोलून आकडा भरता येत नाही. एकाच सेटवरून आळीपाळीने दोघांनी आपापले ४ केले तर मात्र चालतं. आणि एका शिखराचे पॉइंट वर्षातून एकदाच, ही जरा पंचाईतच, कारण मुलांना एक डोंगर आवडला की पुन्हा पुन्हा तोच हवा असतो.

आता मुलं सोबत असली की सगळ्यात कमी कटकटीचं सामान म्हणजे हातात मावणारा, वॉकीटॉकीसारखा एफएम सेट. तो २ मीटरच्या बॅण्डवर चालतो, साधारण १४५ मेगाहर्ट्झ (३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते, म्हणजे इथे २ च्या जरा वर). या लहरी जवळजवळ नजरेसारख्या सरळ जातात, हवेच्या थरांमुळे थोड्या खाली वाकतात म्हणून डोळ्याला दिसतं त्याच्या जरा पलीकडेही पोचतात. किती लांब, याचा हिशोब सोपाय: उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. सपाट जमिनीवर दीड मीटर उंचीवर सेट धरला तर ५ किलोमीटर, आजूबाजूच्या सपाटीपासून १००० मीटर वर असाल तर १३०, आणि समोरचाही डोंगरावर असेल तर दोघांचे आकडे मिळवायचे. यात वॅट कुठेच आले नाहीत बघा. ५ वॅटचे ५० केले तरी क्षितिज तिथेच राहतं, चढून गेलात तर सरकतं. चढणीने केलेली ही मदत फुकट मिळते असं म्हणवत नाही, कारण कडेवरचं पोर दर शंभर पावलांना जड होत जातं, पण बॅटरीचं वजन तरी वाचतं.

पोरांना दाखवायला इथे एक मस्त प्रयोग आहे. लांबचं, जेमतेम ऐकू येणारं स्टेशन लावा, सेट मुलाच्या हातात द्या आणि अँटेना सरळ उभी धरायला सांगा, मग हळूहळू आडवी. आवाज खरखरीत बुडत जातो, पुन्हा उभी केली की वर येतो. उभ्या अँटेनातून निघालेल्या लहरीतलं विद्युत क्षेत्र वर-खाली डोलतं, आडव्या तारेत ते करंट ढकलूच शकत नाही, कागदावर तर काहीच मिळायला नको, प्रत्यक्षात इकडून तिकडून परावर्तन होऊन थोडं मिळतं, पण तोटा १०० पटीच्या घरात जाऊ शकतो. जवळच्या जोरदार स्टेशनवर हे करू नका, तिथे १०० पट गेले तरी आवाज तसाच येतो आणि मूल म्हणतं, काही झालंच नाही. सेटसोबत येणारी बुटकी रबरी अँटेना तशी रडकीच असते, तिला खाली दुसरा अर्धा भाग हवा असतो आणि तो सेटच्या पत्र्यातून आणि तुमच्या हातातून कसाबसा भागवला जातो. अँटेनाच्या बुडाशी जी धातूची कडी असते तिला ५० सेंटीमीटरभर वायर बांधून खाली लोंबती सोडली की बऱ्याचदा फरक कानाला कळतो. हे काम मुलाकडे द्या, शेपूट लावायला कुणाला आवडत नाही.

पण एफएमची अडचण अशी की त्या १३० किलोमीटरात त्या वेळेला ऐकणारी ४ माणसं हवीत. निर्जन भागात ती नसतात. मग शॉर्टवेव्हकडे वळावं लागतं, ७ किंवा १४ मेगाहर्ट्झ, जिथे लहर वर जाऊन आयनोस्फियरमधून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, वळून परत जमिनीवर येते. वर असा थर खरंच आहे हे एडवर्ड ॲपल्टनने १९२४ च्या डिसेंबरमध्ये बीबीसीच्या ट्रान्समीटरवर प्रयोग करून दाखवलं, १९४७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं. दूरवरचं काम करणारा थर साधारण २०० ते ४०० किलोमीटर उंचीवर असतो. त्याच्यापुढे तुमचा हजार मीटरचा डोंगर म्हणजे चिल्लर. म्हणजे शॉर्टवेव्हला डोंगराची उंची फारशी लागतच नाही!

इथेच मुलांच्या आडोशाचा प्रश्न सुटतो. चार वर्षांच्या मुलाची त्वचा त्याच्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसाच्या साधारण दीडपट असते, उष्णता त्वचेवाटे जाते, म्हणून ते लवकर गार पडतं. त्यात हवा दर १००० मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, आणि ५ अंश तापमानात ताशी ३० किलोमीटर वारा असला की उघड्या अंगाला ० अंशासारखं लागतं. सगळ्यात फसवं काय, तर पाठीवरच्या कॅरियरमध्ये बसलेलं मूल. वाहणारा घामाघूम, जॅकेट काढायच्या विचारात, आणि मागचं पोर तासभर हललेलंच नाही, पाय लोंबतायत, मोजे वर सरकलेत. आपल्याला गरम होतंय म्हणून त्यालाही होत असेल हा हिशोब साफ चुकीचा. हाताने मानेखाली आणि पावलांना चाचपून बघायचं, विचारून उपयोग नाही, लहान मुलं थंडी वाजते म्हणत नाहीत, नुसती किरकिर करतात किंवा एकदम गप्प होतात, आणि गप्प झालेलं जास्त काळजीचं.

सोटाचा नियम असा की अगदी टोकावरच बसायला पाहिजे असं नाही, टोकापासून उभ्या अंतरात २५ मीटर खालपर्यंतचा भाग चालतो. २५ मीटर म्हणजे चांगला आठ मजली उतार झाला, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला एखादा मोठा खडक सहज सापडतो. एफएमवर असाल तर तिथे बसून पाठीमागच्या दिशेची सगळी स्टेशनं गेली, डोंगर मधे आला. पण ७ मेगाहर्ट्झवर जवळची, काहीशे किलोमीटरवरची स्टेशनं लहर जवळजवळ डोक्यावर पाठवूनच मिळतात, तिला बाजूचा कातळ आडवा येत नाही. १४ ला लांबचं बोलणं सपाट कोनातून होतं, तिथे ज्या दिशेला उतार मोकळा आहे ती दिशा चांगली लागते, तेवढं बघून बसायचं. माझं मत विचाराल तर मुलं सोबत असताना ७ वरच काम उरकावं आणि टोकावर सगळ्यांनी मिळून एकदा फोटोला जावं.

वरून ५ वॅट पुरतात याला अजून एक कारण आहे, शांतता. घरात चार्जर, एलईडी दिवे, इन्व्हर्टर, सगळे शॉर्टवेव्हवर खरखर ओततात, डोंगरावर ते नसतं, म्हणून समोरून येणारा बारीक आवाजही सुटत नाही. तुमचा ५ वॅटचा सिग्नल १०० वॅटवाल्यापेक्षा १३ डेसिबलने कमी, म्हणजे रेडिओवरच्या सिग्नलच्या मीटरवर जेमतेम २ घरं. अपवाद टॉवर असलेल्या शिखरांचा, तिथल्या ट्रान्समीटरच्या माऱ्याने स्वस्त हॅण्डसेट बहिरे होतात.

शॉर्टवेव्हची तार मात्र लांब असते. ७ मेगाहर्ट्झला अर्ध्या लहरीची तार २० मीटरच्या आसपास, मधे ६-७ मीटरचा फायबरचा दांडा, ताण द्यायला दोऱ्या. पळणाऱ्या पोरांच्या गळ्याच्या उंचीला बारीक काळी तार, याहून वाईट मांडणी नाही, म्हणून टोकं उंच ठेवायची किंवा तारेला भडक रिबिनी लावायच्या, आणि रिबिनी बांधायचं काम अर्थातच पोरांचं. टोकाला हात लावायचा नाही हे आधीच सांगायचं. तार टोकाकडून जोडलेली असेल तर तिथला अडथळा अडीच हजार ओहमच्या घरात असतो, ५ वॅटला सुद्धा ११० व्होल्टच्या आसपास उभे राहतात. झटका असा बसत नाही, या फ्रिक्वेन्सीला कातडीवर बारीक चटका बसतो, पण मुलासाठी तो चटका म्हणजे रेडिओशी कायमची कट्टी.

वेळेचं गणित उलटं मांडायचं. नेस्मिथचा १८९२ चा ठोकताळा सांगतो, सपाटीवर ताशी ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला वर एक तास. हा धडधाकट माणसाचा, मुलं असली की दुप्पट धरा, आणि उतरायला उजेड किती लागेल ते आधी काढून उरेल तेवढाच रेडिओचा वेळ. मोर्स येत असेल तर इथे फायदा होतो. मोर्सचा सिग्नल दीडशेक हर्ट्झमध्ये मावतो, बोलण्याला अडीच हजारच्या आसपास लागतात, सगळी ताकद अरुंद जागेत जाते म्हणून तेवढ्याच वॅटमध्ये कितीतरी पुढे ऐकू येतं. शिवाय जगभर काही रिसीव्हर मोर्समधली हाक आपोआप वाचून नेटवर टाकतात, आदल्या दिवशी अलर्ट, म्हणजे उद्या कुठल्या शिखरावर असणार याची नेटवरची सूचना, लावलेला असेल तर वर मोबाइलला रेंज नसतानाही चेझरना, म्हणजे शिखरावरच्यांना गाठायला टपून बसलेल्या हॅमना, तुमची फ्रिक्वेन्सी कळते, आणि ४ स्टेशनं खाऊचा डबा रिकामा व्हायच्या आत होतात. क्वचित सूर्यावर मोठा भडका उडून दिवसाउजेडी सगळी शॉर्टवेव्ह मुकी होते, कधी काही मिनिटं, कधी तास-दोन तास. तेवढ्यासाठी एफएमचा सेट सॅकमध्ये असू द्यावा.

विजेबाबत मात्र घासाघीस नाही. शॉर्टवेव्हवर कडाडणं ऐकू आलं तर ते शेकडो किलोमीटर लांबचंही असू शकतं, त्यावरून अंतर कळत नाही, पण आभाळाकडे बघायची आठवण तेवढी होते. वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, ३ सेकंदांना एक किलोमीटर, मुलांना हे मोजायला फार आवडतं. ३० च्या आत आलं की निघायचं, आणि दांडा गुणगुणायला लागला किंवा केस उभे राहिले तर तार गुंडाळत बसू नका, तिथेच सोडा आणि पोरांना घेऊन खाली पळा. तार नवी मिळते.

मुलांना माइक द्यायचा का? बऱ्याच देशांत परवानाधारक शेजारी बसून लक्ष ठेवत असेल तर चालतं, काही ठिकाणी नाही, आपल्या परवान्याच्या अटी बघून घ्या. चालत असेल तर आधी अल्फा-ब्राव्हो-चार्ली मध्ये स्वतःचं नाव पाठ करून घ्या, चढताना तेवढाच टाइमपास होतो. पहिल्यांदा पलीकडून खरंच कुणी त्यांच्या नावाने उत्तर दिलं की बहुतेक पोरं बटण दाबून धरतात आणि तोंडातून शब्द फुटत नाही, पलीकडच्या चेझर काकांना याची सवय असते, ते थांबतात. लॉग मात्र तुम्हीच लिहा. चार वर्षांच्या लेखनिकाने उतरवलेला कॉलसाइन, म्हणजे समोरच्या स्टेशनाची ओळखीची अक्षरं, रात्री घरी येऊन कुणालाच वाचता येत नाही.