‘ई.एच. सिस्ट’ म्हणजे नेमकं काय? रिपोर्टमागची पार्श्वभूमी

पावसाळ्यात मुंबईतल्या लॅबमधून ‘ई.एच. सिस्ट दिसल्या’ असा शौच तपासणीचा रिपोर्ट येतो आणि पोटात काडीचाही त्रास नसलेल्या माणसाला मेट्रोनिडाझोल या अमीबा मारणाऱ्या औषधाचा कोर्स सुरू होतो. ई.एच. म्हणजे एन्टअमीबा हिस्टोलिटिका, आव पाडणारा अमीबा; सिस्ट म्हणजे त्याची कवचातली अवस्था. आव पडली की कोकणातली घरं कुड्याचं पाळ (कुडा या झाडाचं मूळ) द्यायची. 1912 पासून त्यावर एमेटिन या औषधाची इंजेक्शनं आली, 1960च्या दशकात मेट्रोनिडाझोल. गोंधळ औषधाचा नव्हता, नावाचा होता.

अमीबाच्या दोन जाती आहेत, एक आजार करणारी आणि एक निरुपद्रवी, असं एका फ्रेंच संशोधकाने 1925 मध्येच मांडलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही हुबेहूब सारख्या, म्हणून ते कोणी मनावर घेतलं नाही. 1970च्या दशकाच्या अखेरीस विकरांच्या (एन्झाइमच्या) चाचण्यांनी फरक दाखवला, 1993 मध्ये आजार करणारी हिस्टोलिटिका आणि निरुपद्रवी डिस्पार या जाती रीतसर वेगळ्या झाल्या. मग जानेवारी 1997 मध्ये मेक्सिकोतल्या तज्ज्ञ बैठकीत ठरलं: चार केंद्रकांची सिस्ट दिसली तर ‘हिस्टोलिटिका/डिस्पार’ असं जोडनाव लिहावं आणि त्रास नसेल तर तेवढ्यावरून औषध देऊ नये. हिस्टोलिटिकाच असल्याचं सिद्ध झालं, तर मात्र त्रास नसला तरी उपचार करावेत.

शास्त्र म्हणून निर्णय योग्यच होता, कारण अमीबा बाळगणाऱ्यांपैकी बहुसंख्यांच्या पोटात डिस्पारच असतो. पण जाती ओळखायला अँटिजेन किंवा पीसीआर चाचणी लागते आणि चाळीतल्या दवाखान्यात ती कुठून आणायची? हिस्टोलिटिकामुळे यकृतात गळू झालेला रुग्ण एकदा पाहिलेला डॉक्टर सिस्ट सोडून द्यायला धजत नाही. त्याची भीती खरी आहे. पुढे तशीच दिसणारी मोशकोव्स्की ही तिसरी जातही माणसात सापडली, तरी कित्येक रिपोर्टांवर अजून ‘ई.एच.’च छापलं जातं.

या सिस्ट पोटात जातात त्या दूषित पाण्यातूनही. विहार तलावाचं पाणी मुंबईला 1860 पासून मिळतंय, आता गाळणीही आहे. पण पुरवठा ठरावीक तासांचा. दाब ओसरला की फुटक्या जोडांतून गटाराचं पाणी नळात शिरतं, आणि नेहमीच्या क्लोरीनला सिस्ट दाद देत नाहीत. क्रिप्टोस्पोरिडियम हा पाण्यातून पसरणारा दुसरा परजीवी तर त्याहून चिवट: 1993 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत नळाच्या पाण्यातून सुमारे 4 लाख लोक आजारी पडले.

एक गोष्ट आजही राहून जाते. मेट्रोनिडाझोल ऊतींमधला अमीबा मारतं, आतड्यातल्या सिस्ट त्याने हमखास जात नाहीत. त्यासाठी नंतर डायलोक्सानाइडसारखं वेगळं औषध द्यावं लागतं. खऱ्या हिस्टोलिटिकाच्या रुग्णालाही ते बरेचदा लिहून दिलं जात नाही.