1 जूनचे वाढदिवस आणि तिशीतली गर्दी

दर 1 जूनला महाराष्ट्रात वाढदिवसाच्या शुभेच्छांचा पूर येतो. कारण बहुतेकांना ठाऊक आहे: शाळेत नाव घालताना जन्मतारीख सांगता आली नाही, की गुरुजी पोराकडे एक नजर टाकत आणि प्रवेशात बसेल अशा वर्षाची 1 जून लिहून मोकळे होत. अंकशास्त्रवाले आता या मंडळींवर सूर्याचा प्रभाव सांगतात. प्रभाव असलाच तर तो हेडमास्तरांचा!

गुरुजींना पहिलीचा वर्ग भरायचा होता, लोकसंख्येचा अभ्यास करायचा नव्हता. पण तेच रजिस्टर घेऊन कोणी ‘मुलं कोणत्या ऋतूत जास्त जन्मतात’ हे शोधायला बसला, तर उत्तर जून येणार. दुसऱ्याने वेगळ्या कामासाठी जमवलेली माहिती, म्हणजे दुय्यम विदा, वापरताना आधी हे तपासावं लागतं. 10,000 नावांत एका तारखेच्या वाट्याला साधारण 27 यायला हवीत. तिथे शेकड्यांनी आली, तर ऋतूचा विषय तिथेच संपला.

जनगणनेत हा घोळ वयाबाबत होतो. प्रगणक विचारतो, “आजींचं वय?” घरातून उत्तर येतं, “असेल साठ.” मग आलेखात 30, 40, 50, 60 वर सुळके दिसतात आणि 29, 31 वर खड्डे.

हे मोजायची एक सुरेख युक्ती आहे, व्हिपल निर्देशांक. 23 ते 62 ही चाळीस वयं घ्यायची. हाच पट्टा का? कारण त्याचे पाच-पाचचे आठ गट पडतात, 23–27, 28–32 असे, आणि प्रत्येकाच्या बरोबर मध्ये 0 किंवा 5 ने संपणारं वय येतं. लोकांनी वय नीट सांगितलं, तर या मधल्या वयांत सुमारे एकपंचमांश माणसं असतील. समजा एका तालुक्यात या पट्ट्यात 50,000 माणसं आहेत. मधल्या वयांत 10,000 अपेक्षित, सापडली 15,000. म्हणजे निर्देशांक 150. निर्दोष असेल तर 100. सगळ्यांनीच 0 किंवा 5 सांगितलं तर 500. संयुक्त राष्ट्रांच्या मोजपट्टीवर 105 च्या खाली अत्यंत अचूक आणि 175 पासून पुढे अतिशय ढोबळ.

निर्देशांकालाही एक डोळा कमी आहे. गुरुजींच्या तारखेवरून कोणी 47 किंवा 53 वय काढून सांगितलं, तर तो खूश होतो, कारण त्याला फक्त 0 आणि 5 ची गर्दी दिसते.

पाच वर्षांचे गट केले की चूक पुसली जाते, असं अनेक जण मानतात. नेहमीचे गट 25–29, 30–34 असे असतात. 28 आणि 29 वर्षांचे लोक ‘तीस’ सांगतात तेव्हा ते सरळ पुढच्या गटात जातात. 33–34 वाले 35 कडे सरकतात खरे, पण 0 ची ओढ 5 पेक्षा सहसा जास्त, म्हणून 30–34 फुगतो. जनगणनेच्या सी-13 तक्त्यात एकेका वर्षाची वयं मिळतात. त्यातून 28–32 असे गट बांधले, तर ही सरकासरक बरीचशी गटातच राहते.

पुढची जनगणना 1 मार्च 2027 या संदर्भ तारखेची असल्याने अजून 2011 चेच आकडे पुढे ढकलून वापरले जातात. 2026 साठी वयात 15 मिळवले की तिशीचा सुळका नेमका 45 वर येऊन बसतो. त्यावरून ‘45 आणि पुढचे’ किती ते मोजलं, तर 2011 मध्ये ‘तीस’ सांगणारे 28–29 वाले, म्हणजे खरे 43–44 चे लोकही त्यात धरले जातात.