सिलिंडर आरशासारखा नको

प्रीमियर पद्मिनीची शेवटची टॅक्सी ताडदेव आरटीओत 2003 साली नोंदली गेली. टॅक्सीला वयोमर्यादा 20 वर्षांची, त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईतून या काळ्या-पिवळ्या पद्मिनी गेल्या. खासगी पद्मिनी जपणारे हौशी लोक मात्र अजून आहेत आणि त्यांतले काही जण इंजिनही घरीच उघडतात. मला याचं फार कौतुक वाटतं. 1089 सीसी, चार सिलिंडर, कार्ब्युरेटर, कॉम्प्युटरचा पत्ता नाही. हे इंजिन डोळ्यांनी बघून समजतं.

पण एक गैरसमज हमखास आड येतो. सिलिंडरची आतली भिंत जितकी गुळगुळीत तितकं इंजिन चांगलं, असं समजून लोक बारीक पॉलिश पेपरने ती चकचकीत करतात. मग पिस्टनभोवती नव्या रिंगा टाकूनही गाडी तेल पिते आणि सायलेन्सरमधून निळा धूर सोडते.

पिस्टनची रिंग भिंतीला कशी चिकटते? तिला स्वतःचा ताण असतो, पण तो एक-दोन वातावरणांइतकाच (एक वातावरण म्हणजे हवेचा नेहमीचा दाब) दाब देतो. पेट्रोल जळताना वरचा दाब चाळीसेक वातावरणांपर्यंत जातो. मग रिंग मागे ढकलली जाऊन वायू निसटत कसा नाही? कारण रिंग पिस्टनवरच्या तिच्या खाचेत घट्ट बसलेली नसते. थोडा वायू तिच्या वरून खाचेत शिरतो, मागे जातो आणि तिला आतून भिंतीवर दाबतो. गळती करू पाहणारा वायूच गळती बंद करतो! दाब वाढला की सीलही तितकंच घट्ट होतं. यंत्रशास्त्रात याहून सुंदर युक्ती मला ठाऊक नाही.

आता भिंत गुळगुळीत का नको, ते बघू. होनिंगच्या, म्हणजे भिंत घासायच्या, दगडांनी भिंतीवर एकमेकांना छेदणारे तिरपे चरे पाडतात. त्यांची खोली काही मायक्रॉनच असते. चऱ्यांत तेल धरून राहतं आणि मधल्या उंचवट्यांवर रिंग घासते. सुरुवातीला हे उंचवटे टोकदार असतात. ते झिजतात, रिंगही थोडी झिजते आणि दोघांची जोडी जमते. आरशासारख्या भिंतीवर तेल ठरत नाही आणि घासून जुळायला उंचवटेही उरत नाहीत.

म्हणूनच नवं बांधलेलं इंजिन तासन्‌तास नुसतं आयडलवर, म्हणजे गाडी उभी ठेवून, चालवू नये. दाब कमी, म्हणून रिंग हलकीच टेकते, उंचवटे झिजत नाहीत आणि चऱ्यांतलं तेल भाजून तिथे चकचकीत थर बसतो. मध्यम वेगाने, मध्यम भार देत गाडी चालवावी. चढावर पूर्ण थ्रॉटल मात्र नको.

रिंगेच्या दोन टोकांमधली फटही तपासावी. पद्मिनीचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 68 मिलिमीटर, म्हणजे रिंगेचा परीघ सुमारे 214 मिलिमीटर. भिंतीपेक्षा रिंग 100 अंशांनी जास्त तापली, तर ती जवळजवळ पाव मिलिमीटर वाढते. फट त्याहून कमी असेल तर टोकं एकमेकांवर आदळतात आणि रिंग भिंतीला ओरबाडते.

‘बाटली ओता, इंजिन नवं करा’ अशी जाहिरात करणाऱ्या द्रवांवर पैसे घालवू नका. सिलिंडर सर्वांत जास्त झिजतो तो वरच्या टोकाशी, जिथे रिंग क्षणभर थांबते आणि तेलाचा थर तुटतो. तिथे झिजलेलं लोखंड कुठल्याच बाटलीतून परत येत नाही. झीज मर्यादेबाहेर असेल तर ब्लॉक बोरिंगसाठी, म्हणजे सिलिंडर आतून कापून थोडा मोठा करायला, लेथवाल्याकडे द्यावाच लागतो. ते घरचं काम नव्हे.

होनिंगनंतरची धुलाई मात्र घरीच आणि नीट करा. पेट्रोल किंवा रॉकेल तेल काढतं, पण दगडाची बारीक भुकटी चऱ्यांतच ठेवतं. गरम पाणी, साबण आणि ताठ ब्रश घ्या. पांढरं फडकं फिरवल्यावर राखाडी डाग उमटेनासा होईपर्यंत धूत राहा. मग लगेच कोरडं करून तेल लावा, कारण उघडं बीड (ओतीव लोखंड) बघता बघता गंजतं.