करपा आणि कडा करपा: औषध मारायच्या आधी डाग कुठनं सुरू झालाय ते बघा

श्रावणातला वारापाऊस झाला की दरवर्षी तेच. भाताचं पान शेंड्याकडनं पिवळं पडत, पांढरट सुकत खाली येतं, माणूस ते घेऊन दुकानात जातो, दुकानदार बघतो न बघतो आणि ट्रायसायक्लाझोल या बुरशीनाशकाची पुडी हातात देतो, करपा आहे म्हणून. मग पुडी संपते, पैसे जातात आणि खाचर वाळतच राहतं. कारण तो करपा नसतोच, कडा करपा असतो.

करपा आपल्याला पाठ आहे. दोन टोकांना निमुळते ठिपके, मधे राखाडी, कडेला तपकिरी, लोंबीच्या मानेवर आला की मानमोडी. बुरशी आहे ती. पुढं.

कडा करपा जिवाणूचा, झॅन्थोमोनास ओरायझी. खरी गोम आहे ती हे दोघे पानात शिरतात कसे यात. करप्याचा बीजाणू पानावर कुठंही पडो, तिथंच एक बारीक फुगा तयार करतो, त्यात हवेच्या दाबाच्या ८० पट दाब साठवतो आणि सरळ पानाची त्वचा फोडून आत जातो. एवढा दाब धरून ठेवायला फुग्याला मेलॅनिनचा काळा थर लागतो आणि ट्रायसायक्लाझोल नेमका तोच थर बनू देत नाही. म्हणून करप्यावर ते चालतं. जिवाणूकडं फुगाच नाही, तर औषध थांबवणार काय? त्याला उघडी वाट लागते. पहाटे पानाच्या टोकाला आणि कडेला पाण्याचे थेंब येतात ना, त्या बारीक छिद्रांतनं तो शिरतो, नाहीतर वाऱ्यानं पान फाटतं तिथनं, आणि मग पाणी वाहणाऱ्या नळ्यांतनं पुढं सरकतो. म्हणूनच डाग कडेनं नाहीतर शेंड्यानं सुरू होतो आणि नागमोडी कडेचा पट्टा होऊन खाली उतरतो. पानाच्या मधोमध सुटे ठिपके दिसले तर हा नव्हे.

शंका असेल तर हिरवा आणि सुकलेला भाग मिळतो तिथला तुकडा कात्रीनं कापा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात धरा. पाच-दहा मिनिटांत कापलेल्या कडेतनं दुधट धार पाण्यात उतरली की जिवाणू. करप्याच्या पानातनं असं काही येत नाही. नव्या लावणीत कडा करप्यानं अख्खं रोपच मान टाकतं तेव्हा लोक गाभेमर, म्हणजे खोडकिडीनं गाभा सुकला, असं म्हणतात, पण खोडकिडीचा गाभा ओढला की हातात येतो, कडा करप्याचा येत नाही, आणि बुंधा दाबला तर पिवळसर चिकट द्रव येतो.

आता बियाण्याचं. पिशवीवर ‘करप्याला प्रतिकारक’ छापलंय म्हणून कडा करपा येणार नाही असं धरून चालतात, हे फार चुकीचं आहे. दोघांचे जीनोम, म्हणजे डीएनएचा अख्खा मजकूर, २००५ साली प्रसिद्ध झाले, बुरशीचा साधारण ४ कोटी अक्षरांचा, जिवाणूचा जेमतेम ५० लाखांचा. पण तेवढ्यातही जिवाणूकडं टाल नावाच्या प्रथिनांची जनुकं आहेत, फिलिपाइन्सच्या एका स्ट्रेनमध्ये, म्हणजे जिवाणूच्या एका वाणात, तर १९. यातलं एक प्रथिन तो भाताच्या पेशीत टोचतो, ते भाताच्याच डीएनएवर ठरलेल्या जागी बसतं आणि स्वीट-११ हे जनुक चालू करतं, मग पेशीतली साखर बाहेर येते आणि जिवाणूला आयतं खाणं मिळतं. एक्सए-१३ हे कडा करप्याला प्रतिकारक जनुक असलेल्या भातात ती बसायची जागाच बदललेली आहे, त्यामुळं प्रथिन बसत नाही, साखर सुटत नाही. पण काही स्ट्रेन दुसरं प्रथिन वापरून स्वीट-१४ चालू करतात, तिथं एकटं एक्सए-१३ पुरत नाही. म्हणून हैदराबादच्या भात संशोधन संस्थेनं आणि सीसीएमबी या तिथल्याच पेशी-जीवशास्त्राच्या संस्थेनं सुधारित सांबा महसुरी या भाताच्या वाणात एक्सए-५, एक्सए-१३ आणि एक्सए-२१ अशी तीन जनुकं एकत्र आणली. यातलं एकही करप्यासाठी नाही. तेव्हा बियाणं घेताना दोन्ही रोगांचं वेगवेगळं विचारा.

जास्त युरियानं दोन्ही वाढतात, त्यात नवीन काही नाही. पण तरवा उंच झाला म्हणून शेंडे छाटून लावणी करायची सवय मात्र सोडाच, प्रत्येक कापलेलं टोक म्हणजे जिवाणूला तयार वाट. आणि आपली खाचरं उतारावर, एकाचं पाणी दुसऱ्यात, तेव्हा वरच्या खाचरात कडा करपा दिसला तर तिथलं पाणी खालच्यात सोडू नका, बांधाच्या कडेनं थेट व्हाळात काढा.