घर्षणावरील कंपनाचा परिणाम

एकमेकांवर सरकणाऱ्या दोन पृष्ठभागांपैकी एकाला कंपन दिले असता सरकण्यास होणारा सरासरी विरोध बहुधा घटतो. फ्रेंच शास्त्रज्ञ आमाँताँ (१६९९) व कुलाँ (१७८५) यांच्या घर्षणनियमांत कंपनाचा विचार नाही; पद्धतशीर अभ्यास साधारणतः विसाव्या शतकाच्या मध्यास, श्राव्यातीत (कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारतेच्या) कंपनाची साधने हाती आल्यावर, सुरू झालेला दिसतो.

ही घट कशी होते याविषयी एकमत नाही. घर्षणाचे संशोधक टोलस्टॉय (कादंबरीकार नव्हेत) यांनी १९६७ मध्ये पृष्ठभागांना लंब दिशेतील सूक्ष्म कंपनावर भर दिला; वरचा पदार्थ किंचित उचलला जाऊन खरा स्पर्श कमी होतो, असा त्यांचा रोख होता. त्याच वर्षी दुसरे संशोधक गॉडफ्री यांनी धातूंमधील घट ‘भासमान’, म्हणजे खरी नसून तशी दिसणारी, ठरवली. सरकण्याच्या दिशेतील कंपनापुरते तरी घर्षण गुणांक (घर्षणबल व पृष्ठभागांना एकमेकांवर दाबणारे बल यांचे गुणोत्तर) मुळीच न बदलताही स्पष्टीकरण देता येते, आणि ते अधिक समाधानकारक वाटते. घर्षणबल नेहमी सापेक्ष वेगाच्या विरुद्ध असते; कंपनाचा कमाल वेग सरकण्याच्या वेगाहून जास्त असेल, तर प्रत्येक आवर्तनाच्या काही भागात हे बल उलटून पदार्थाला पुढेच ढकलते. सरकण्याचा वेग कंपनाच्या कमाल वेगाच्या निम्मा असल्यास सरासरी घर्षण एक-तृतीयांशावर येते. तो कमाल वेगाहून जास्त असल्यास या गणितानुसार काहीच फरक पडत नाही. २० किलोहर्ट्‌झ वारंवारता व १ मायक्रोमीटर आयाम असता हा कमाल वेग सेकंदाला सुमारे १२.६ सेंटिमीटर भरतो.

खानदेशात हा परिणाम जळगावच्या डाळमिलांतील कंपन-चाळण्यांत रोज वापरला जातो. मात्र तेथे केवळ घर्षण घटते असे म्हणणे अपुरे आहे: चाळणीच्या उभ्या दिशेतील त्वरण गुरुत्व त्वरणाहून वाढले की दाणा पत्र्यावरून सुटून उड्या घेत पुढे जातो. ५० हर्ट्‌झला त्यासाठी सुमारे ०.१ मिलिमीटर उभा आयाम पुरतो.

हाच परिणाम नट-बोल्टच्या जोडांत घातक ठरतो. बोल्टच्या अक्षाशी आडव्या कंपनाने आट्यांत सूक्ष्म सरक सुरू झाली की नटाला धरून ठेवणारे घर्षण त्या दिशेतच खर्ची पडते व नट आपोआप फिरू लागतो. अक्षाच्या दिशेतील कंपनापेक्षा हे आडवे कंपन अधिक अपायकारक असल्याचे अभियंता युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवले. भुसावळसारख्या वर्दळीच्या जंक्शनात फिशप्लेटचे (रुळांची टोके जोडणाऱ्या पट्ट्यांचे) बोल्ट कीमनला, म्हणजे रूळ तपासत फिरणाऱ्या कर्मचाऱ्याला, वारंवार तपासून आवळावे लागतात.